इंग्लंडमधले पॅरिश चर्च: बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि अंत्यविधीसाठी कुठे जायचे, काय न्यायचे

इंग्लंडात राहायला आलेल्या मराठी माणसाचा चर्च ऑफ इंग्लंडशी, म्हणजे इथल्या अधिकृत अँग्लिकन चर्चशी, संबंध निरनिराळ्या वाटांनी येतो. एखादे कुटुंब पुण्या-नागपूरकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असते आणि बाळाचा बाप्तिस्मा इथेच करायचा असतो. एखाद्याच्या मुलीचे इंग्रज मुलाशी जमते आणि व्याह्यांना सोहळा गावातल्या जुन्या चर्चमध्येच हवा असतो. ऑफिसातली मैत्रीण ‘आमच्या छोट्याची गॉडमदर होशील का’ म्हणून विचारते, आणि हो म्हणावे की नाही ते कळत नाही. गोंधळ सगळीकडे एकाच कारणाने होतो. आपण मनाजोगते चर्च निवडायला निघतो, आणि इथे मात्र सगळ्यात आधी पत्ता पाहतात.

खालची माहिती फक्त इंग्लंडची आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये चर्चची व्यवस्था वेगळी आहे, लग्नाचे नियमही वेगळे आहेत.

1. आधी आपले पॅरिश शोधा

सगळे इंग्लंड पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीत, वाटलेले आहे. अशी सुमारे 12,500 पॅरिश आहेत आणि तुमचे घर त्यांपैकी कुठल्या तरी एकात येतेच. चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की पॅरिशचे नाव आणि संपर्क मिळतो. घरासमोरचे चर्च ते आपले, असे धरून चालू नका. समोरचे मेथडिस्ट किंवा कॅथलिक असू शकते. ते चर्च ऑफ इंग्लंडचेच असले तरी पॅरिशची हद्द मधल्या रस्त्यावरून गेलेली असू शकते.

हद्दीत राहणाऱ्याला, तो रविवारी चर्चला जात असो वा नसो, काही हक्क मिळतात: मुलाचा बाप्तिस्मा, पॅरिश चर्चमध्ये लग्न, आणि जागा शिल्लक असेल तर चर्चच्या आवारात दफन. आपल्याकडे मंडळीची वर्गणी भरणारा सभासद असणे हा पाया असतो, इथे तुमचे राहते घर हा पाया आहे.

कामासाठी गाठायचा माणूस म्हणजे व्हिकर, पॅरिशचा पाळक. काही ठिकाणी त्यालाच रेक्टर म्हणतात, आपल्या दृष्टीने काम तेच. पॅरिशला सध्या व्हिकर नसेल तर चर्चवॉर्डनना लिहा. ते सहसा दोघे असतात, मंडळीतूनच निवडलेले, आणि कोणाकडे पाठवायचे ते त्यांना ठाऊक असते. पहिला निरोप पॅरिश ऑफिसच्या ईमेलवर टाकावा. रविवारी उपासनेच्या आधीच्या दहा मिनिटांत व्हिकरला गाठून तारखा मागू नयेत. उपासनेनंतर चहा-कॉफी असते, तेव्हा खुशाल बोला. नाताळ आणि ईस्टरच्या आसपास उत्तराला उशीर होतो. बहुतेक व्हिकर आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घेतात, त्या दिवशी फोन उचलला नाही म्हणून रागावू नका. बोलताना साहेब-बिहेब लागत नाही, बहुतेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात.

एक शब्द इथे हमखास फसवतो. चर्चचा ‘इलेक्टोरल रोल’ आणि नगरपालिकेची मतदारयादी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चच्या यादीत नाव घालायला बाप्तिस्मा झालेला हवा, वय 16 पूर्ण हवे, आणि पॅरिशमध्ये राहत नसाल तर तिथे सहा महिने नियमित उपासनेला येत असायला हवे. ही यादी दर सहा वर्षांनी कोरी करून नव्याने लिहितात. 2025 मध्ये ती तशी झाली, त्यामुळे आधी नाव असेल तरी नव्या यादीत आहे का ते तपासा.

2. भारतातून कोणते कागद आणावेत

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाले. जुने अँग्लिकन चर्च त्यातच विलीन झाले. हे चर्च अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या जगभरच्या चर्चच्या परिवाराचे, सदस्य आहे, त्यामुळे तिथला बाप्तिस्मा आणि तिथले दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) इथे मानले जाते. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कोणत्याही चर्चचा असो, तो पुन्हा करत नाहीत. वसईच्या कॅथलिक चर्चमधला असला तरी तेच.

निघण्यापूर्वी मूळ पॅरिशच्या पाळकांकडून हे घ्या:

- बाप्तिस्म्याचा दाखला: पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावे, रजिस्टरमधला नोंदक्रमांक, सही आणि पॅरिशचा शिक्का
- दृढीकरण झाले असेल तर त्याचा दाखला
- लग्न झालेले असेल तर चर्चचा दाखला, आणि सरकारी विवाह नोंदणीचाही
- पाळकांचे ओळख करून देणारे दोन ओळींचे पत्र (सक्तीचे नाही, पण उपयोगी)

दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर ठेवा. नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहा. जुन्या दाखल्यांत आडनाव नसते किंवा वडिलांचे नाव मधे येते, आणि इंग्लंडमधल्या फॉर्ममध्ये मधले नाव हे त्या माणसाचेच दुसरे नाव समजले जाते. असा फरक असेल तर पाळकांकडून ‘हीच ती व्यक्ती’ अशी ओळ लिहून घ्यावी. दाखला हरवला असेल आणि बाप्तिस्मा झाला होता की नाही याचीच खात्री नसेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसल्यास’ अशा शब्दांनी सशर्त बाप्तिस्मा देतात.

3. बाळाचा बाप्तिस्मा

ख्रिसनिंग आणि बाप्तिझम हे एकच. विधीला फी नाही. दाखल्याची प्रत हवी असेल तर थोडी रक्कम लागू शकते, आणि दानपेटीत काय टाकायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

व्हिकरला किमान एक आठवडा आधी कळवावे लागते. प्रत्यक्षात दोन-तीन महिने आधी लिहावे, कारण कित्येक ठिकाणी महिन्यातला एकच रविवार बाप्तिस्म्यासाठी राखलेला असतो. पॅरिशमधल्या बाळाला व्हिकर नकार देऊ शकत नाही. आईवडिलांची तयारी करून घेण्यापुरता थोडा उशीर मात्र लावू शकतो. ही तयारी म्हणजे सहसा एखादी भेट किंवा संध्याकाळची बैठक. आईवडिलांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे असे नाही, त्यांचे लग्न झालेले असण्याचीही अट नाही.

दुसऱ्या पॅरिशमधल्या चर्चमध्ये करायचा असेल तर तिथला व्हिकर आधी तुमच्या पॅरिशच्या व्हिकरशी बोलतो. हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, पत्ता फॉर्मवर लिहावाच लागतो.

खरी अडचण गॉडपेरेंट्सची, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या बाजूने उभे राहणाऱ्या धर्ममाता-धर्मपित्यांची, असते. नियम असा: किमान तीन हवेत. त्यांत दोघे बाळाच्याच लिंगाचे आणि एक तरी विरुद्ध लिंगाचा. म्हणजे मुलगी असेल तर दोन गॉडमदर आणि एक गॉडफादर. तिघे जमतच नसतील तर एक गॉडफादर आणि एक गॉडमदर चालतात. आईवडीलही स्वतःच्या मुलाचे गॉडपेरेंट होऊ शकतात, पण त्यांच्याशिवाय आणखी एक तरी लागतो. सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला हवा, या अटीत सूट मिळत नाही. दृढीकरणही अपेक्षित असते, पण ती अट व्हिकर शिथिल करू शकतो.

त्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्या हिंदू मावशीला किंवा मित्राला गॉडपेरेंट म्हणून रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. मैत्रिणीने विचारले आणि तुमचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर तिला तसे आधीच सांगा. व्हिकर विचारणारच आहे. उपासनेत पाठ वाचणे, मेणबत्ती धरणे, बाळासाठी शुभेच्छा देणे अशी कामे मोकळेपणाने मागून घेता येतात. आणखी एक गोष्ट पाहून हो म्हणावे: गॉडपेरेंट्सना सर्वांसमोर मोठ्याने उत्तरे द्यायची असतात. सैतानाला नाकारता का, ख्रिस्ताकडे वळता का, असे सरळ प्रश्न असतात. शब्द मनाला पटत नसतील तर आधी वाचायला मागा. सोप्या भाषेतला दुसरा मजकूरही मान्य आहे. त्यात सैतानाचा उल्लेख नाही, पण वाईटाला नाकारण्याचे आणि ख्रिस्ताकडे वळण्याचे प्रश्न राहतातच.

विधी बहुधा रविवारच्या मुख्य उपासनेतच होतो. बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, दाराजवळच्या दगडी कुंडापाशी डोक्यावर पाणी ओततात, आणि मोठ्या ईस्टर मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती कुटुंबाच्या हाती देतात. डोक्यावरची टोपी किंवा कुंची सहज निघेल अशी ठेवा. नाडीची गाठ सोडण्यात निम्मे पाणी बाळाच्या गळ्यात जाते. जुन्या चर्चमध्ये जून महिन्यातही गारवा असतो, टॉवेल आणि कोरडा सदरा जवळ असू द्या.

बाप्तिस्मा म्हणजे जन्मनोंद नव्हे. जन्म 42 दिवसांच्या आत रजिस्टर ऑफिसात नोंदवायचा असतो, त्याचा चर्चशी काही संबंध नाही. इथे एक सोय मात्र फार थोड्यांना माहीत असते. जन्मनोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत बाप्तिस्म्यात दिलेले नाव व्हिकरच्या प्रमाणपत्रावरून जन्माच्या नोंदीत घालता येते. बारशाचे नाव आजी-आत्यांच्या चर्चेत अडकले असेल आणि घाईत भलतेच नाव नोंदवले गेले असेल, तर हा मार्ग लक्षात ठेवा.

बाप्तिस्मा नको, पण देवाचे आभार मानायचे आहेत, असे असेल तर बाळाबद्दल आभार मानण्याची वेगळी उपासना आहे. मूल मोठे होऊन स्वतः ठरवील असे वाटणारी कुटुंबे ती निवडतात. त्या उपासनेने बाप्तिस्मा होत नाही, हे आजी-आजोबांना आधी सांगून ठेवलेले बरे.

4. प्रभुभोजन आणि दृढीकरण

चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धेच्या 39 कलमांपैकी पंचविसावे कलम ख्रिस्ताने नेमलेले संस्कार दोनच मानते: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (वेदीपाशी भाकर आणि वाइन घेण्याचा विधी). बाकीच्यांना विधी म्हणा, संस्कार म्हणा, पॅरिशमध्ये कोणी त्यावर वाद घालत नाही.

दुसऱ्या ख्रिस्ती चर्चमध्ये प्रभुभोजन घेणाऱ्याला इथेही घेता येते, कोणी कागद मागत नाही. घ्यायचे नसेल तर वेदीपाशी जाऊन हात छातीवर आडवे धरा किंवा उपासनापत्रिका हातात ठेवा, पाळक आशीर्वाद देतात. प्याल्यात खरीच द्राक्षाची वाइन असते, सरबत नसते. नको असेल तर फक्त भाकर घ्या, तेवढ्याने सहभाग पुरा होतो. गव्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी वेगळी भाकर बहुतेक ठिकाणी ठेवतात, आधी सांगावे.

दृढीकरण फक्त बिशप करतो. त्यामुळे तारीख तुमच्या नव्हे, त्याच्या सोयीने ठरते आणि जागा कधी कधी दुसरेच चर्च किंवा कॅथीड्रल असते. काही आठवड्यांचा वर्ग असतो. वयाची एकच एक अट नाही, मुलाला समजून उत्तर देता आले पाहिजे. प्रौढपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे दोन्ही एकाच उपासनेत करता येते. कॅथलिक चर्चमध्ये दृढीकरण झालेल्यांचे पुन्हा दृढीकरण होत नाही, त्यांचा स्वीकार केला जातो.

5. लग्न: या चर्चमध्ये आपल्याला करता येईल का?

हॉल, केटरर, मुंबईची विमानतिकिटे, यांतले काहीही बुक करण्याआधी व्हिकरला विचारा. फोटोत पाहिलेले डोंगराकाठचे देखणे चर्च कोणालाही भाड्याने मिळत नाही. दोघांपैकी एकाचा त्या पॅरिशशी धागा असावा लागतो. यांपैकी एक पुरे:

- तुम्ही सध्या त्या पॅरिशमध्ये राहता, किंवा तिथल्या चर्चच्या यादीत तुमचे नाव आहे
- तुमचा बाप्तिस्मा तिथे झाला
- तुम्ही पूर्वी केव्हाही किमान सहा महिने तिथे राहिला आहात, किंवा सहा महिने तिथल्या उपासनेला नियमित येत होता
- तुमच्या जन्मानंतर आई किंवा वडील सहा महिने तिथे राहिले, किंवा नियमित येत होते
- आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे लग्न तिथे झाले

शेवटच्या चार वाटा 2008 च्या कायद्याने खुल्या झाल्या. इंग्रज जावयाच्या आजीचे लग्न त्या चर्चमध्ये झाले असेल तर तेवढ्यावर काम होते. पुरावा मात्र मागतील. यांपैकी काहीच जुळत नसेल तर सहा महिने नियमित उपासनेला जाणे हा सरळ मार्ग आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपचा विशेष परवानाही असतो. तो अधिकार 1533 च्या कायद्यापासून चालत आला आहे, पण तो अपवादासाठी आहे, सोयीसाठी नव्हे.

दोघांपैकी एक किंवा दोघेही ख्रिस्ती नसले तरी पॅरिशमध्ये राहणाऱ्यांचा लग्नाचा हक्क जात नाही. पण शपथा ख्रिस्ती उपासनेच्याच असतात, देवाचे नाव गाळता येत नाही. वय दोघांचेही 18 पूर्ण हवे. फेब्रुवारी 2023 पासून आईवडिलांच्या संमतीने 16 व्या वर्षी लग्नाची सवलत बंद झाली. घटस्फोटित व्यक्तीचा आधीचा जोडीदार हयात असेल तर व्हिकर आपल्या सदसद्विवेकाने नाही म्हणू शकतो. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. समलिंगी विवाह चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होत नाहीत.

भारतात कायद्याने लग्न झालेल्या जोडप्याचे इथे पुन्हा लग्न लावता येत नाही. ‘भारतात नुसते रजिस्टर केले होते, खरे लग्न चर्चमध्ये करू’ ही आपल्याकडची नेहमीची मांडणी इथे सरळ अडते. त्यांच्यासाठी नोंदणी विवाहानंतरची प्रार्थना-समर्पणाची उपासना आहे. पोशाख, गाणी, पाहुणे सगळे चालते, कायदेशीर शपथा तेवढ्या नसतात.

6. लग्न: भारतीय पासपोर्ट असेल तर बॅन्स नाहीत

सगळ्यात जास्त लग्ने लांबतात ती इथे.

नेहमीची पद्धत अशी: लग्नाआधीच्या तीन महिन्यांत, तीन रविवारी उपासनेत दोघांची नावे वाचतात आणि कोणाला कायदेशीर हरकत असल्यास सांगा म्हणतात. यालाच बॅन्स. दोघे वेगवेगळ्या पॅरिशमध्ये राहत असतील तर दोन्हीकडे, आणि लग्नाचे चर्च तिसरेच असेल तर तिथेही. बाहेरच्या पॅरिशने वाचून झाल्याचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय लग्न लागत नाही. बॅन्सआधी दोघांचे पासपोर्ट व्हिकरला दाखवायचे असतात.

पण हे फक्त दोघेही ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असतील तर, किंवा सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतरही इथे राहण्याचा हक्क) असलेले युरोपीय असतील तर. दोघांपैकी एकाचाही पासपोर्ट भारतीय असेल तर बॅन्सवर लग्न लावता येत नाही. कायम वास्तव्याचा परवाना असला तरी नाही, कारण इथे व्हिसा नव्हे, नागरिकत्व पाहतात. मार्च 2015 पासून असे आहे, तरी वर्षाला दोन-तीनच लग्ने होणाऱ्या छोट्या पॅरिशमध्ये हा नियम पटकन लक्षात येईलच असे नाही. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये दोघांचे नागरिकत्व लिहा.

मग करायचे ते असे:

- दोघांनी आपापल्या नोंदणी जिल्ह्यात किमान सात दिवस राहिलेले असावे.
- दोघांनी एकत्र जाऊन रजिस्टर ऑफिसात लग्नाची नोटीस द्यावी. अशी जोडपी घेणारी ऑफिसे नेमून दिलेली असतात, अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.
- न्यायचे कागद: दोघांचे पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, आधीचे लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला, आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे भाषांतर.
- लग्नाचे चर्च नेमके कोणते ते नोटिशीत लिहावे लागते. म्हणून चर्च आधी, नोटीस मग.
- 28 दिवस थांबावे लागते. कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर प्रकरण होम ऑफिसकडे जाते, आणि ते मुदत 70 दिवसांपर्यंत वाढवू शकतात. तारीख 70 धरूनच ठरवा.
- नोटीस 12 महिने चालते. रजिस्टर ऑफिसचे कागद मिळाले की व्हिकरकडे पोचवा, लग्नाच्या दिवशी खिशात घालून आणू नका.

साध्या पर्यटन व्हिसावर आलेल्याला इथे लग्न करता येत नाही, नोटीसही देता येत नाही. फक्त लग्नासाठी येऊन परत जायचे असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा, आणि लग्न करून राहायचे असेल तर फियान्से व्हिसा. वधूचा भाऊ किंवा आईवडील पाहुणे म्हणून साध्या व्हिसावर येऊ शकतात, त्यांना अडचण नाही.

चर्चची कायदेशीर फी दरवर्षी ठरते आणि सगळ्या देशात एकच असते. हल्ली ती पाचशे पौंडांच्या पुढे आहे. ऑर्गन वाजवणारा, गायकवृंद, घंटा, फुले, हीटिंग यांचे पैसे वेगळे. यादी लेखी मागा, घंटा नको असेल तर नको म्हणा.

7. लग्नाचा दिवस

चर्चमधले लग्न सकाळी 8 ते संध्याकाळी 6 याच वेळेत लागते. गोरज मुहूर्ताचा आग्रह असेल तर हे आधी पाहा: जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, आणि तोवर चर्चची वेळ केव्हाच संपलेली असते.

उपासनेचा सांगाडा ठरलेला असतो आणि शपथांचे शब्द बदलता येत नाहीत. बायबलमधला एक तरी पाठ हवा. तो मराठीत वाचायला बहुतेक व्हिकर आनंदाने परवानगी देतात, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय चांगला जमतो. अंगठ्यांनंतर मंगळसूत्र घालायचे असेल तर आधी विचारा. मंगलाष्टके उपासनेत सहसा बसत नाहीत, ती हॉलवर म्हणा. अक्षतांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. जुन्या फरशीवर तांदूळ पायाखाली आला की घसरायला होते आणि झाडून काढणारे चर्चचेच स्वयंसेवक असतात. बाहेर फुलांच्या पाकळ्या चालतात का ते विचारा.

फोटोग्राफरला रंगीत तालमीच्या वेळी आणावे किंवा निदान व्हिकरशी बोलायला लावावे. आपल्याकडचे फोटोवाले वधूवरांच्या आणि पाळकांच्या मधे उभे राहतात, इथे ते खपत नाही.

दोन साक्षीदार लागतात. मे 2021 पासून चर्चमधल्या सहीनंतर हातात दाखला मिळत नाही. सही केलेला कागद 21 दिवसांच्या आत रजिस्टर ऑफिसात पोचतो, तिथे नोंद होते, आणि दाखला तिथून मागवायचा. व्हिसासाठी, पासपोर्टवर नाव बदलायला हाच लागतो. दोन-तीन प्रती एकदमच घ्याव्यात. भारतात वापरायच्या प्रतीवर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, लागतो. दुसऱ्या दिवशी हॉलवर हिंदू पद्धतीने लग्न लावले तरी कायद्याने तारीख चर्चचीच राहते.

8. आजारपण आणि पापकबुली

घरी किंवा इस्पितळात तेल लावून प्रार्थना, प्रभुभोजन हवे असेल तर व्हिकरला नुसता फोन करा. इस्पितळात चॅप्लिन, म्हणजे तिथला पाळक, असतो, वॉर्डच्या नर्सला सांगितले की तो येतो. शेवटच्या क्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही, हा विधी बरे होण्यासाठीही आहे. एकांतात पापकबुलीची सोय अँग्लिकन चर्चमध्येही आहे, सक्ती नाही. वेळ मागून घ्यावी लागते.

बाळ जगण्याची आशा नसेल आणि पाळक पोचत नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते: डोक्यावर पाणी, नाव, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. नंतर व्हिकरला कळवा, तो नोंद करतो.

9. अंत्यविधी

आपल्याला सगळ्यात जड जाते ते इथले थांबणे. मृत्यू आणि अंत्यविधी यांत दोन-तीन आठवडे जाणे नेहमीचे आहे. भारतातून येणाऱ्यांना तेवढा वेळ मिळतो, घरच्यांची मात्र परीक्षा होते.

क्रम असा. डॉक्टर मृत्यूचे कारण लिहितो, मेडिकल एक्झॅमिनर ते तपासतो (सप्टेंबर 2024 पासून हे सक्तीचे आहे) आणि कागद रजिस्टर ऑफिसला पाठवतो. तिथून पाच दिवसांत नातेवाइकाने मृत्यू नोंदवायचा. नोंदीनंतर हिरवा फॉर्म मिळतो, तो फ्युनरल डिरेक्टरला (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाला) द्यायचा, त्याच्याशिवाय दफन वा दहन होत नाही. प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले तर वेळ वाढतो. पार्थिव भारतात न्यायचे असेल तर कॉरोनरला वेगळी सूचना द्यावी लागते, फ्युनरल डिरेक्टर ती करून देतो.

क्रेमेटोरियमची (दहनगृहाची) वेळ व्हिकरशी बोलण्याआधी पक्की करू नका. डिरेक्टर हातातली पहिली वेळ सुचवतो आणि त्याच तासाला व्हिकर दुसरीकडे असतो. क्रेमेटोरियममध्ये अर्ध्या-पाऊण तासाचीच वेळ मिळते. मराठी गीते, दोघातिघांचे बोलणे आणि लांबून आलेली माणसे असतील तर मुख्य उपासना चर्चमध्ये करा, नंतर फक्त घरचे क्रेमेटोरियमला जातील.

पॅरिशमध्ये राहणाऱ्याला, पॅरिशमध्ये मृत्यू आलेल्याला आणि चर्चच्या यादीत नाव असलेल्याला चर्चच्या आवारात दफनाचा हक्क आहे, आवार भरून बंद झालेले नसेल तर. शहरांत ते बहुधा बंदच असते, मग नगरपालिकेची दफनभूमी. चर्चमधल्या उपासनेची फी फ्युनरल डिरेक्टरच्या बिलातच येते. 18 वर्षांखालच्या मुलासाठी चर्च फी घेत नाही.

अस्थी चर्चच्या आवारात पुरतात, उधळू देत नाहीत. थोड्या इथे पुरायच्या आणि थोड्या नाशिकला न्यायच्या असे असेल तर दहनाच्या आधीच सांगा, म्हणजे दोन वेगळी पात्रे मिळतात.

10. कबरीवरचा दगड

घाई करू नका. माती बसायला किमान सहा महिने लागतात, तोवर दगड बसवू देत नाहीत. चर्चच्या आवारात दगड व्हिकरच्या परवानगीनेच लागतो, आणि व्हिकर डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, नियमांत बांधलेला असतो. चकचकीत काळा ग्रॅनाइट, वर फोटो, भोवती कठडा, रंगीत खडी हे बहुतेक डायोसिस नाकारतात. नियमाबाहेरचे काही हवे असेल तर चर्चच्या न्यायालयाकडून फॅकल्टी नावाची परवानगी काढावी लागते. दगडवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी आराखडा व्हिकरला दाखवा. नगरपालिकेच्या दफनभूमीत हे नियम लागू नाहीत, तिथले वेगळे असतात.

मराठीत ओळ कोरायची असेल तर अर्जासोबत इंग्रजी अर्थ जोडा. कॉव्हेंट्री डायोसिसमध्ये 2020 मध्ये एका कबरीवर नुसते आयरिश शब्द कोरायला, सोबत भाषांतर हवे म्हणून, नकार मिळाला होता. अपिलात 2021 मध्ये आर्चेस न्यायालयाने, म्हणजे चर्चच्याच वरच्या न्यायालयाने, तो निर्णय फिरवला आणि भाषांतराविना शब्द कोरायला परवानगी दिली. देवनागरी कोरणारा कारागीर क्वचितच सापडतो, म्हणून अक्षरे स्वतः तपासून, खऱ्या आकारात छापून द्या. वेलांटी आणि रफार कुठे येतात ते पेन्सिलीने दगडावर उमटवून घेतल्यावरच छिन्नी लावू द्या.